नोकरी सांभाळून बिझनेस इंटेलिजन्सचं मास्टर्स, बाहेरच्या देशात, जमतं का?

ताई म्हणून विचारलंयस तर सविस्तरच लिहिते. तुझा प्रश्न थोडक्यात असा की चार वर्षं एमआयएस रिपोर्टिंगमध्ये (कंपनीच्या कामाचे आकडे जमवून रिपोर्ट काढणं) झाली, एक्सेल आणि पॉवर बीआय (डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर) चांगलं येतं, आता बाहेर जायचंय, बहुतेक अमेरिका पण कॅनडा-जर्मनीही डोक्यात आहे, आणि बिझनेस इंटेलिजन्सचं, म्हणजे कंपनीच्या डेटातून निर्णयाला उपयोगी माहिती काढण्याचं, मास्टर्स फुल-टाइम नोकरी करत करता येईल का, की नोकरी सोडून विद्यार्थी म्हणूनच यावं. मी अमेरिकेत एच-१बी वर (कंपनीने अर्ज करून मिळणारा नोकरीचा व्हिसा) असताना संध्याकाळच्या वर्गांना जाऊन हेच मास्टर्स केलंय, त्यामुळे माझं झुकतं माप कुठे असणार ते धरूनच वाच.

पहिलं म्हणजे "शिकायला जाऊ आणि तिथे फुल-टाइम नोकरीही करू" हे डोक्यातून काढ, कारण विद्यार्थी व्हिसावर कामाचे तास बांधलेले असतात. अमेरिकेत एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, टर्म चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवर, बाहेर काम करायचं तर सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायच्या कामाची परवानगी) किंवा ओपीटी (शिकलेल्या विषयातल्या कामाची, बहुतेक वेळा डिग्रीनंतरची परवानगी) लागतं. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. यातल्या कशातच टर्म चालू असताना पूर्ण वेळेची नोकरी बसत नाही. शिवाय कॅनडात पुढचं वर्क परमिट हवं असेल तर अभ्यास फुल-टाइम लागतो (शेवटच्या टर्मला सूट आहे), म्हणजे पार्ट-टाइम करून तो रस्ता आपणच बंद करायचा. अमेरिकेत "पहिल्या दिवसापासून सीपीटी" अशी जाहिरात करणारे कोर्स दिसतील, तिकडे फिरकू नकोस. नियमात तसा अपवाद आहे खरा, पण पुढे एच-१बी च्या वेळी त्यावरून कागद मागितले गेले तर उत्तर तुला द्यावं लागतं, कॉलेजला नाही.

म्हणजे नोकरी सांभाळून शिकायचं तर तुझं त्या देशात राहणं नोकरीवर उभं असायला हवं, डिग्रीवर नाही. एच-१बी वर असलीस की शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, नोकरी नीट चालू ठेवायची आणि पार्ट-टाइम ॲडमिशन घ्यायची. पण यात दोन खाचा आहेत ज्या कोणी आधी सांगत नाही. एक, या मार्गाने डिग्री घेतली की विद्यार्थ्यांना मिळतं ते १२ महिन्यांचं ओपीटी आणि स्टेमवाल्यांचे (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) वरचे २४ महिने, हे काही मिळत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची, एच-१बी वर तू फक्त ज्या कंपनीने अर्ज केलाय तिच्यासाठीच काम करू शकतेस, त्यामुळे टीचिंग असिस्टंट होऊन फी माफ करून घेणं हा पर्याय गेला, आणि ज्या प्रोग्रॅममध्ये इंटर्नशिप सक्तीची आहे तो तर घेऊच नकोस. कॅपस्टोन प्रोजेक्ट (डिग्रीच्या शेवटचा मोठा प्रोजेक्ट) बाहेरच्या कंपनीसाठी करायला लावतात का, आपल्या कंपनीत केलेला चालतो का, हे फॉर्म भरायच्या आधी लेखी विचारून घे. आणि डिग्री मिळाली की ग्रीन कार्डची कॅटेगरी आपोआप वर जाते हा गैरसमज बराच आहे. ईबी-२ साठी, म्हणजे त्या वरच्या कॅटेगरीसाठी, त्या नोकरीला मास्टर्स किंवा बॅचलर्स अधिक पाच वर्षं अनुभव लागत असला पाहिजे, नुसतं तुझ्याकडे सर्टिफिकेट असून भागत नाही.

आता मुख्य मुद्दा, शिकून मिळतं काय. टूल शिकायला मास्टर्स करणार असशील तर नको करूस, डॅक्स (पॉवर बीआयमधली सूत्रं) आणि टॅब्लो (तसंच दुसरं सॉफ्टवेअर) घरी बसूनही येतं आणि डिग्री संपेपर्यंत निम्मे मेनू बदललेले असतात. माझ्या मते खरा फायदा डेटा मॉडेलिंगच्या, म्हणजे टेबलांची रचना ठरवण्याच्या, कोर्समध्ये आहे. आपण रिपोर्टिंगवाले वर्षानुवर्षं कोणीतरी बनवलेल्या टेबलांवर क्वेरी मारत असतो, ते टेबल तसं का आहे हे विचारत नाही. तिथे डेटा वेअरहाउसिंगमधले जाणकार राल्फ किंबॉल यांची पद्धत शिकवतात, फॅक्ट टेबल (विक्रीसारखे मोजायचे आकडे) मधे आणि भोवती डायमेन्शन (ग्राहक, तारीख अशी माहिती), आणि सगळ्यात आधी ठरवायचं ते ग्रेन, म्हणजे या टेबलातली एक ओळ नेमकं काय दाखवते. ऐकायला फार साधं वाटतं. पण ऑर्डरच्या टेबलाला पेमेंटचं टेबल जोडलं आणि एका ऑर्डरचे पैसे दोन हप्त्यांत आले असतील तर ऑर्डरची रक्कम दोनदा मोजली जाते, आणि डॅशबोर्डवर विक्री वाढलेली बघून सगळे खूश. असे रिपोर्ट जगभर रोज मीटिंगमध्ये जातात, मी पैज लावते.

तसंच ते स्लोली चेंजिंग डायमेन्शन, म्हणजे अधूनमधून बदलणारी माहिती. एखादा ग्राहक एका विभागातून दुसऱ्या विभागात गेला आणि तू टेबलात नुसता विभाग बदललास तर त्याची मागच्या वर्षीची विक्रीसुद्धा नव्या विभागात जाऊन बसते, मग मागच्या वर्षीचा रिपोर्ट परत काढला की आकडे वेगळे आणि सेल्सवाले तुझ्या नावाने ओरडतात. टाइप २ म्हणजे जुनी ओळ तारखेसकट तशीच ठेवायची आणि नवी ओळ घालायची. आमच्या वर्गात जी मुलं थेट बॅचलर्स करून आली होती त्यांना हे पाठ होतं, पण हे कशासाठी एवढा खटाटोप हे त्यांना कळत नव्हतं, आणि मी मात्र सोमवारी रात्री वर्गात ऐकलेलं मंगळवारी सकाळी आमच्या वेअरहाउसमध्ये (रिपोर्टसाठी एकत्र साठवलेला कंपनीचा डेटा) शोधत बसायचे. नोकरी करत शिकण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, प्रश्न तुझ्याकडे आधीच असतात.

स्टॅटिस्टिक्सच्या कोर्सला घाबरू नकोस पण टाळूही नकोस. १९७३ च्या बर्कली युनिव्हर्सिटीच्या प्रवेशांचं उदाहरण तिथे हमखास येतं, एकूण आकडे बघितले तर अर्ज करणाऱ्या पुरुषांपैकी साधारण ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी ३५ टक्के निवडले गेलेले, उघड पक्षपात वाटतो, पण डिपार्टमेंटप्रमाणे मोडून बघितलं तर तो फरक बहुतेक ठिकाणी उरत नाही, कारण स्त्रियांचे अर्ज जास्त करून जिथे मुळातच कमी लोक घेतात अशा डिपार्टमेंटला गेले होते. हे एकदा नीट समजलं की "एकूण कन्व्हर्जन रेट" (आलेल्यांपैकी किती जणांनी खरेदी केली) असं कोणी मीटिंगमध्ये म्हटलं की तू आपोआप विचारशील, कुठल्या चॅनलचा? व्हिज्युअलायझेशनचा कोर्स मजेचा असतो, डेटा मायनिंगचा बरा, आणि स्ट्रॅटेजी वगैरे नावाचे जे एक-दोन असतात ते कामाच्या अनुभवावर निघून जातात, त्यावर जास्त बोलत नाही.

वेळेचं गणित मात्र आधीच मांड. अमेरिकेत एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास बाहेरचा अभ्यास धरतात, म्हणजे ३ क्रेडिटचा एक कोर्स आठवड्याला ९ तास खातो आणि दोन घेतले तर १८, नोकरीच्या ४० वर. ३० क्रेडिटची डिग्री म्हणजे असे १० कोर्स. टर्मला एकच घेऊन उन्हाळ्यातही एक केलास तर वर्षाला तीन होतात, तीन वर्षांहून जास्त लागतात, आणि लागू देत. सुरुवातीला दोन दोन घेणारे माझ्या ओळखीचे बरेच जण मंथ-एंडचं ऑफिसचं काम आणि मिडटर्म परीक्षा एकाच आठवड्यात आल्यावर एकावर आले. ग्रुप प्रोजेक्ट हा वेगळाच ताप आहे, फुल-टाइम मुलं दुपारी दोनला भेटू म्हणतात आणि तू त्या वेळी ऑफिसात. पहिल्याच वर्गात आजूबाजूला कोण नोकरी करतंय ते बघून त्यांच्याबरोबर ग्रुप कर, लाजू नकोस.

पैशाचं म्हणशील तर अमेरिकेत कंपनी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणाची मदत तुझ्यावर टॅक्स न लागता देऊ शकते, पण सगळ्याच देतात असं नाही, आणि देतात त्यांच्या पॉलिसीत बहुतेक वेळा अमुक काळात सोडून गेलात तर पैसे तुम्ही परत द्यायचे अशी ओळ असते, ती वाच. कमी मार्क पडले तर परतावा नाही असंही असतं. प्रोजेक्टला कंपनीचा डेटा वापरणार असशील तर मॅनेजरची तोंडी परवानगी पुरत नाही, लीगलकडून मेल हवा, नावं-नंबर मास्क करायचे आणि फाइल युनिव्हर्सिटीच्या ड्राइव्हवर टाकायची की नाही हेही आधी ठरवायचं. सोयीचा उपाय म्हणजे टेबलांची रचना आपल्या कंपनीसारखी ठेवून आत खोटा डेटा भरायचा, मॉडेलिंग शिकायला तेवढं पुरतं.

तुझ्या बाबतीत मी काय केलं असतं ते सांगते. तुझ्या सध्याच्या कंपनीचं ऑफिस बाहेर असेल आणि ट्रान्सफरची थोडी जरी शक्यता असेल तर वर्ष-दीड वर्ष तिच्यामागे लागले असते आणि जाऊन मग पार्ट-टाइम केलं असतं. ती शक्यता अजिबात नसेल तर सरळ फुल-टाइम विद्यार्थी होऊन ये, नोकरी करत करण्याचा हट्ट सोड, दोन वर्षांत संपव. त्या वेळी प्रोग्रॅमचा सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) स्टेममध्ये येतो का ते आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) येण्याच्या आधी बघ, कारण नावं सारखी असून दोन युनिव्हर्सिटींचे कोड वेगळे असतात आणि ओपीटीचे ते वरचे २४ महिने त्या कोडवर अवलंबून आहेत. व्हिसाचे आकडे वर दिलेत तेही अर्ज करताना सरकारी साइटवर परत तपास, हे नियम सारखे बदलतात.

ट्रान्सफरचं काय ते आधी एचआरला विचारून सांग, म्हणजे कुठल्या प्रकारचे प्रोग्रॅम बघायचे ते पुढे बोलू.