रीपरचा प्रोजेक्ट उघडतो पण ट्रॅक मुके: आधी लॅपटॉप दुरुस्तीला देणं थांबवा

देवगडच्या सदस्यांनो, तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं ठसठसलं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. तुम्ही डबलबारी (दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या) मंडळाचे चतुर्थीचे गजर रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केले, त्याची .आरपीपी ही प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर घालून मुंबईच्या स्टुडिओत नेली, तिथे सगळे ट्रॅक 'ऑफलाइन', म्हणजे रीपरला आवाजाच्या फाइली सापडेनात. आणि पोस्टच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की लॅपटॉप हळू चालतो, म्हणून तो उद्या फॉरमॅटला देताय.

देऊ नका. आधी खालचं करा. (मी विंडोज आणि रीपर 6-7 धरून बोलतोय. मॅकवर मेनूच्या जागा थोड्या वेगळ्या असतील.)

.आरपीपी फाइलीत आवाज नसतो. कुठल्या ट्रॅकवर कुठली वेव्ह (खऱ्या आवाजाची) फाइल, ती कितव्या सेकंदाला सुरू होते, कुठे कापली, आवाज किती ठेवला, एवढीच नोंद असते. सातबारा खिशात घालून मुंबईला गेलात म्हणून जमीन सोबत जात नाही, तसंच हे. आकारावरूनही कळतं. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण 8.6 एमबी घेतो. बुवा, पेटी, पखवाजाला दोन माइक, झांज, कोरसला दोन असे सात ट्रॅक आणि बारा मिनिटांचा गजर धरला, तर सव्वासातशे एमबी होतात. पेनड्राइव्हवर काही केबीच दिसत असतील, तर तिथे गाणं पोचलेलंच नाही.

आता शोधायचं कसं? .आरपीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडा, ती साध्या मजकुराची असते. त्यात इंग्रजीत 'फाइल' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील, पुढे अवतरणात वेव्ह फाइलचं नाव किंवा पूर्ण पत्ता. प्रोजेक्ट सेव्ह न करता थेट रेकॉर्डचं लाल बटण दाबलं असेल, तर बहुतेक वेळा ते रेकॉर्डिंग डॉक्युमेंट्समधल्या 'रीपर मीडिया' फोल्डरात पडलेलं असतं. तिथे नसेल तर पूर्ण डिस्कवर वेव्ह फाइली शोधा आणि तारखेप्रमाणे लावा. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेला असेल तर फाइलीवर ढगाचं चिन्ह आहे का बघा. ढग असेल तर नाव दिसतं, फाइल डिस्कवर नसते. आधी उतरवून घ्या, आणि ते रेंज असलेल्या जागी बसूनच करा.

त्याच फोल्डरात .रीपीक्स नावाच्या छोट्या फाइली दिसतील. त्या फक्त लहरींचं चित्र काढण्यापुरत्या असतात. .आरपीपी-बॅक हीसुद्धा जुनी नोंदच. दोन्हींत आवाज नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. जिल्ह्यातल्या एका दुरुस्ती केंद्राने (नाव घेत नाही) पावतीवर 'डेटा बॅकअप घेतला' असं लिहून दिलं. बॅकअप म्हणजे काय, तर डेस्कटॉप, फोटो आणि रेकॉर्डिंगच्या फोल्डरातल्या फक्त बारक्या फाइली. मोठ्या फाइली 'जागा खातात' म्हणून वगळल्या. विचारलं तर उत्तर आलं, "सॉफ्टवेअर परत टाकून दिलंय ना!" मेहनत सॉफ्टवेअरमध्ये नसते हे काउंटरपलीकडच्या माणसाला कोण समजावणार? असो.

झटपट (क्विक) फॉरमॅटनंतर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून रिकव्हरीची आशा असते, अट एकच: तिच्यावर नवीन काही लिहिलेलं नसावं. एसएसडीवर (फिरता भाग नसलेल्या, चिपच्या डिस्कवर) मात्र फारशी आशा धरू नका. विंडोज तिला 'ट्रिम' आज्ञा देतं आणि मोकळे झालेले कप्पे खरंच पुसले जातात. म्हणून माझं ठाम मत: फॉरमॅट करायला सांगूच नका. 'नवीन एसएसडी घाला आणि जुनी डिस्क माझ्या हातात परत द्या' असं सांगा, आणि पावतीवरही तेच लिहून घ्या. खर्च थोडा वाढतो, पण लॅपटॉप हळू असण्याचं कारण जुनी हार्ड डिस्क असेल तर तेही मिटतं.

पुढच्या वेळी रेकॉर्डिंगच्या आधी 'सेव्ह प्रोजेक्ट ॲज' करा. त्या खिडकीत खाली दोन चौकटी असतात: 'क्रिएट सबडिरेक्टरी फॉर प्रोजेक्ट' आणि 'कॉपी ऑल मीडिया इंटू प्रोजेक्ट डिरेक्टरी'. दोन्हींवर खूण करा. आत्ता सापडलेल्या फाइलींसाठीही हेच, आणि मग पूर्ण फोल्डर उचलून न्या, नुसती .आरपीपी नको.

खरं तर स्टुडिओला प्रोजेक्ट देऊच नये असं माझं म्हणणं. त्यांच्याकडे क्यूबेस किंवा प्रो टूल्स अशी दुसरी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर असतील तर .आरपीपीचा उपयोग शून्य. त्यापेक्षा इफेक्ट बंद करा, सगळे ट्रॅक निवडा, आणि प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल काढा: रेंडरमध्ये सोर्स 'सिलेक्टेड ट्रॅक्स (स्टेम्स)', बाउंड्स 'एंटायर प्रोजेक्ट', फॉरमॅट वेव्ह 24 बिट, सॅम्पल रेट रेकॉर्डिंगचाच ठेवा. मोनो मीडियाच्या ट्रॅकची मोनो फाइल करण्याची खूणही लावा, नाहीतर प्रत्येक फाइल विनाकारण दुप्पट होते. सगळ्या फाइली शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे तिकडे नुसत्या एकाखाली एक ठेवल्या की जुळतात. ट्रॅकना नावंही द्या. 'ट्रॅक 5' म्हणजे झांज की कोरस, हे मुंबईत कुणाला कळणार?

जाता जाता आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीये तरी. गजर चढत्या लयीत जातो, त्याला मेट्रोनोम लावू नका. आणि रेकॉर्डिंगनंतर टेम्पोच्या आकड्याला हात लावण्याआधी प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये (ऑल्ट + एंटर) टाइमबेस 'बीट्स'वरून 'टाइम'वर न्या. नाहीतर आकडा बदलताच रेकॉर्ड झालेला आवाजही ताणला जातो आणि पखवाज पाण्यात वाजल्यासारखा ऐकू येतो.

रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेल्यामुळे एखादी वेव्ह उघडतच नसेल, तर टाकू नका. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'इम्पोर्ट रॉ डेटा' निवडून 24 बिट साइन्ड, लिटल एंडियन, एक चॅनेल, 48000 असं भरा. सुरुवातीला क्षणभर कचकच येते, ती कापा. संपूर्ण फाइलभर खरखर आली तर आधी 'स्टार्ट ऑफसेट' 0, 1, 2 असा बदलून बघा, तरीही राहिली तर बिटचा आकडा चुकला असेल, 16 किंवा 32 करून बघा.

नोटपॅडमधल्या त्या ओळींपैकी एखादी इथे टाका (तुमचं नाव खोडून), आणि डिस्क एसएसडी आहे की जुनी तेही लिहा. मग पुढचं सांगता येईल.