मित्राच्या हॉलमधलं टेकन

प्रिय मित्रा,

टेकन या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये ऑनलाइन रँक चढतेय, पण मित्राकडे खेळायला बसलं की तोच हळू येणारा लो (बसून अडवायचा खालचा वार) दरवेळी खातोस, असं लिहिलं आहेस. स्वतःला दोष द्यायच्या आधी टीव्ही तपास.

टेकन सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी चालतं, त्यामुळे एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची. 28 फ्रेमचा लो साधारण 467 मिलिसेकंदांत येऊन बसतो. तो डोळ्यांनी ओळखून अंगठा खाली जाईपर्यंत अडीचशे जातात. उरले 217. हॉलमधला टीव्ही सिनेमाच्या मोडवर असेल तर चित्र घोटून गुळगुळीत करण्यात तो त्यातले सहज 100 खातो. थोडा वेळ गेम स्वतःही घेतोच. तुझ्या घरच्या मॉनिटरला यातलं जवळपास काही लागत नाही. पाठ झालेला कॉम्बो (सलग लागणाऱ्या वारांची मालिका) मित्राकडेही निघतो, कारण तो तू बघून काढतच नाहीस. बघून अडवायचं असतं तेवढंच निसटतं.

तेव्हा गेल्या गेल्या रिमोट माग. पिक्चर मोड ‘गेम’वर टाक, हालचाल गुळगुळीत करणारा जो काही पर्याय असेल तो बंद कर. काही टीव्हींवर हे प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळं लावावं लागतं, त्यामुळे केबल दुसऱ्या पोर्टात गेली की पुन्हा बघ. खात्री करायची तर मोबाइलचा 240 फ्रेमचा स्लो मोशन पुरतो. बटणावरचा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत घे, बटण दबल्यापासून खेळाडू हलेपर्यंतच्या फ्रेम मोज. एक फ्रेम सुमारे 4 मिलिसेकंदांची. दोन्ही मोडमध्ये पाच-पाच वेळा मोज आणि फक्त फरक धर. एकूण आकड्यात गेमचा स्वतःचा वेळ मिसळलेला असतो, त्यावरून टीव्हीला शिव्या देऊ नकोस.

आता ऑनलाइनचं. टेकन 8 मध्ये रोलबॅक आहे. टोनी कॅनन यांच्या जीजीपीओ या सॉफ्टवेअरमुळे फायटिंग गेममध्ये रुळलेली ही पद्धत. समोरच्याचं बटण पोचायच्या आधीच गेम अंदाज बांधतो की तो आत्ता करतोय तेच करत राहील. अंदाज चुकला की मागे जाऊन दुरुस्ती करतो. पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) 100 मिलिसेकंद असेल तर एका बाजूचा प्रवास 50 मिलिसेकंदांचा, म्हणजे 3 फ्रेम. समोरच्याच्या मूव्हच्या पहिल्या 3 फ्रेम तुला दिसतच नाहीत, हात एकदम अर्ध्यात आलेला दिसतो. म्हणून ऑनलाइन खेळणाऱ्यांना अंदाजाने बसायची, अंदाजाने बटण दाबायची सवय लागते. रँक त्यावरही चढते. तुझी तशी चढली असावी, असा मला संशय आहे.

पिंग मोठा असण्यापेक्षा तो उड्या मारणं जास्त वाईट. सलग 60 चालेल, 30 वरून मध्येच 150 नको. कमांड प्रॉम्प्टमधून राउटरच्या पत्त्यावर (बहुधा 192.168.1.1) ओळीने 100 पिंग मार. केबलवर 1 मिलिसेकंद येतो आणि तिथेच राहतो. वायफायवर मध्येमध्ये 40, 80 असे आकडे दिसले तर दोष घरातला आहे, इंटरनेट कंपनीला फोन करून उपयोग नाही. कॅट 6 ची 15-20 मीटर केबल दाराच्या चौकटीवरून ओढ आणि विषय संपव.

पण मित्राकडे जायचं ते लॅग (हा सगळा उशीर) वाचवायला नव्हे. 2019 मध्ये लाहोरच्या अर्सलान अॅशने जपानमधली एव्हो आणि अमेरिकेतली एव्हो, या फायटिंग गेमच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा टेकन 7 मध्ये जिंकल्या. लाहोरची मुलं वर्षानुवर्षं एकमेकांच्या शेजारी बसून खेळत आली होती. ऑनलाइन हरलास की समोरचा निघून जातो. शेजारी बसलेल्याला विचारता येतं, ‘हे अडवल्यावर मला काय मिळतं?’ आणि विचारायचंच. सेट थांबवा, प्रॅक्टिस मोड उघडा. त्याला तो लो दहा वेळा मारू दे, तू अडव आणि लगेच उठतानाचा तुझा सगळ्यात जलद पंच टाकून बघ. लागला तर पुढच्या दहाला त्याहून एखाद-दोन फ्रेम हळू पण जास्त मार देणारा. जिथे लागायचा थांबेल, त्याच्या आधीचा तुझा. मग त्याला सांग, तो लो आणि त्याच पवित्र्यातून येणारा मिड (उभं राहून अडवायचा मधला वार) मनाला येईल तसा मिसळून मार. वीसपैकी बारा बरोबर ओळखलेस की सेटकडे परत. वीस मिनिटं जातात, पण तो लो परत सतावत नाही.

‘जिंकेल तो बसेल’ हा नियम चौघांत ठेवू नका. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच सोफ्यावर चिप्स खात बसतो. प्रत्येक जोडीने तीनपैकी दोनचा एक सेट, मग दोघंही उठणार. आणि शेजारच्याच्या बटणांचा खडखडाट ऐकून तो काय करणार हे ओळखता येतं. ही फसवणूक नाही, पण त्यावर विसंबलास तर हेडफोन लावून खेळायची वेळ आली की उघडा पडशील.

आपला पॅड (कंट्रोलर) आपण न्यायचा, केबलसकट. पीएस5 वर नुसती केबल लावून भागत नाही. ॲक्सेसरीजमध्ये कंट्रोलरची संवादपद्धत ‘यूएसबी केबल’ करावी लागते, नाहीतर केबल फक्त चार्ज करते आणि बटणं ब्लूटूथनेच जातात. निघताना कन्सोलच्या ब्लूटूथ यादीतून तुझा पॅड काढून टाक. विसरलास तर दारात बूट घालताना बॅगेत बटण दबतं आणि आत कुणाच्या तरी शेवटच्या राउंडला पॉज लागतो. स्पर्धेत अशा पॉजला राउंड जाऊ शकतो, मित्राकडे फक्त शिव्या बसतात.

आणि टीव्हीचा मोड परत पहिल्यासारखा करून ये. काकूंना रात्रीची मालिका फिकट दिसली तर पुढच्या रविवारी रिमोट मिळणार नाही.