गाओकाओचा इंग्रजी उतारा: शब्द येतात, मग गुण जातात कुठे?

प्रश्न: मी मूळचा सांगलीचा, चेंगदूत राहतो. पत्नी चिनी, मुलगी चिनी नागरिक. पुढच्या जूनमध्ये ती गाओकाओ, म्हणजे चीनची विद्यापीठ प्रवेश परीक्षा, देईल. शब्दांची यादी तोंडपाठ आहे, तरी 'सी' आणि 'डी' उताऱ्यांत चार-पाच प्रश्न हमखास चुकतात. आणखी शब्द पाठ करून घेऊ का?

नको. इंग्रजीच्या 150 पैकी 50 गुण वाचनाचे: 'ए' ते 'डी' या चार उताऱ्यांवर 15 प्रश्न आणि 'सातातून पाच'चे (दिलेल्या सात वाक्यांतली पाच निवडून उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या) 5, प्रत्येकी अडीच गुण. पाच चुकले की साडेबारा गेले. पण ते शब्दांपायी जातात असं मला वाटत नाही. अभ्यासक्रमाबाहेरच्या शब्दाचा चिनी अर्थ बरेचदा पेपरातच कंसात छापलेला असतो. दगा देतात ते ओळखीचे शब्द. 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता हे तिला लहानपणापासून ठाऊक. उताऱ्यात 'ॲड्रेस द प्रॉब्लेम' (अडचण हाताळणं) आलं की नेमका तिथेच पत्ता चुकतो.

दुसरी गोची पर्यायांची. समजा उताऱ्यात म्हटलंय, 'झाडांमुळे काही वस्त्यांतला उकाडा कमी होऊ शकतो. पण जिथे पाणी नाही तिथे ती जगतच नाहीत.' एक पर्याय म्हणतो, झाडं लावली की शहरातला उकाडा कमी होतो. दुसरा म्हणतो, झाडांचा उपयोग जागेवर अवलंबून असतो. घाईत पहिल्यावर खूण होते, कारण त्यातले शब्द उताऱ्यातलेच आहेत. 'काही' आणि 'शकतो' गळून पडलेत, हे दिसत नाही.

म्हणून रोज एकच उतारा, पण मागच्या वर्षांच्या खऱ्या पेपरातला. उत्तरतालिका उघडण्याआधी तिने प्रत्येक उत्तराचा आधार असलेल्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची. रेघ मारता आली नाही तर बरोबर आलेलं उत्तरही चूक धरा. चुकलेला पर्याय का चुकला ते चिनीत लिहू द्या, मराठीचा हट्ट नको! शाळेत 'शुआथी' चालूच असणार, म्हणजे ब्रशने घासावेत तसे प्रश्न घासत सुटायचं. घरीही तेच कशाला?

प्रश्न: पुण्यातून मी चिनी मैत्रिणीच्या भावाला ऑनलाइन शिकवते. 'सातातून पाच'मध्ये त्याचं एक चुकलं की दुसरंही चुकतं.

चुकणारच. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या जागी बसलं की दोन्हीकडे नुकसान, शिवाय दोन वाक्यं निव्वळ फसवायला असतात. त्याला आधी रिकाम्या जागेनंतरचं वाक्य वाचायला लावा. तिथे 'दीज मिस्टेक्स' असेल तर गाळलेल्या वाक्यात चुका हव्यात, त्याही एकापेक्षा जास्त. आपल्याला 'चूक' आणि 'चुका' यांतला फरक ऐकूच येतो. चिनीत नाम सहसा बदलत नाही, त्यामुळे शेवटच्या 'एस'वरून त्याची नजर घसरते. पंधरा दिवस फक्त सर्वनामं आणि अनेकवचनं यांना गोल करायला सांगा, बाकी काही नको. परिच्छेदाच्या सुरुवातीची जागा मात्र पूर्ण परिच्छेद वाचूनच भरायची.

मुलगा शांघायचा असेल तर आधी विचारून घ्या. तिथला पेपर वेगळा, सहातून चार वाक्यं निवडायची असतात.

प्रश्न: वेळ पुरत नाही, काय करावं?

दोन तासांत ऐकण्याचा भाग आणि लेखनही उरकायचं असतं, म्हणून वाचनाला 35 ते 40 मिनिटं धरा. 'ए' उतारा बहुधा सूचना किंवा जाहिरातींचा असतो. आधी प्रश्न वाचा, मग तेवढीच माहिती शोधा. वाचलेली मिनिटं 'डी'ला द्या.

प्रश्न: हे पेपर आमच्या बारावीतल्या मुलाला चालतील का?

बोर्डासाठी फारसे नाहीत. तिथे उत्तरं वाक्यांत लिहायची असतात. पर्यायांवर खुणा करून लिहिण्याचा हात बसत नाही. सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची पर्यायी प्रश्नांची प्रवेश परीक्षा, देणार असेल तर जरूर वापरा, फक्त 'ए' सोडून थेट 'सी'पासून सुरुवात करा.