फॉक्स स्ट्रँगवेज कोण होते आणि त्यांचा हिंदुस्थानी संगीतावरचा ग्रंथ आज वाचावा का?

'द म्युझिक ऑफ हिंदोस्तान' हे पुस्तक आपल्या हाती आले असून त्याचा लेखक कोण आणि शंभर वर्षांनंतर ते वाचण्यात काही अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते अवश्य वाचावे.

आर्थर हेन्री फॉक्स स्ट्रँगवेज यांचा जन्म १८५९ साली नॉरिच येथे झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण आणि बर्लिनमधील संगीताभ्यास झाल्यावर त्यांनी शिक्षकी पत्करली आणि १९१० पर्यंत, वीसहून अधिक वर्षे, वेलिंग्टन कॉलेज या शाळेत शिकवले. पन्नाशी उलटल्यावर ते फोनोग्राफ हे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन हिंदुस्थानात आले आणि गवयांबरोबरच सामान्य लोकांची गाणीही त्यांनी ऐकली, टिपून घेतली. त्याच सुमारास, १९१० साली, मुंबईत संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग मराठीत निघाला होता. आपल्याच विषयावर एकाच वेळी दोन अगदी वेगळ्या वाटांनी विचार चालला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१९१४ साली ऑक्सफर्डहून निघालेल्या या ग्रंथात श्रुती (सप्तकातील सूक्ष्म स्वरांतरे), ग्राम (प्राचीन स्वरसमूह), राग, ताल, सामगान (सामवेदाचे गायन) यांचा विचार आहे. पाश्चात्त्य स्वरसंवाद, म्हणजे अनेक स्वर एकाच वेळी जुळवून वाजवणे, आपल्या संगीतात नाही, याला ते उणीव समजत नाहीत. एका सुरावटीवर उभ्या असलेल्या संगीताकडे कान कसा लावावा, हे ते आपल्या देशबांधवांना समजावून सांगतात. मात्र उदाहरणे त्यांनी पाश्चात्त्य स्वरलिपीत दिली आहेत आणि तिथे मर्यादा जाणवते, कारण मींड म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात वाहत जाणे, तर त्या लिपीच्या पाच रेघांवर स्वर सुटे सुटे बसतात. गमकांवर, म्हणजे स्वरांच्या अलंकरणावर, त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, म्हणजे ही अडचण त्यांनाही ठाऊक असावी.

रवींद्रनाथ ठाकूर १९१२ मध्ये लंडनला गेले, तेव्हा भारतीय कलांची ओळख करून देणाऱ्या तिथल्या इंडिया सोसायटी या संस्थेचे मानद चिटणीस फॉक्स स्ट्रँगवेज होते. त्या संस्थेने इंग्रजी 'गीतांजली'च्या ७५० प्रती छापल्या आणि पुढे मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेशी रवींद्रनाथांच्या वतीने बोलणी त्यांनीच केली.

समीक्षक म्हणून ते आधी 'द टाइम्स'मध्ये आणि १९२५ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये लिहीत. १९२० साली त्यांनी 'म्युझिक अँड लेटर्स' हे त्रैमासिक काढले, ज्याच्या पहिल्याच अंकात बर्नार्ड शॉ यांनी एल्गार या संगीतकारावर लिहिले होते. शूबर्ट या संगीतकाराच्या गीतांची इंग्रजी भाषांतरे आणि लोकगीतसंग्राहक सेसिल शार्प यांचे चरित्र (१९३३) ही कामे त्यांनी सहलेखकांबरोबर केली. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुस्तक उघडाल तेव्हा श्रुतींच्या गणिताची प्रकरणे तूर्त बाजूला ठेवावीत आणि आरंभीची प्रवासातील सांगीतिक दैनंदिनी आधी वाचावी.