तिरोश म्हणजे वाईन का ज्यूस?

तुम्ही विचारलंय की हिब्रूतला 'तिरोश' म्हणजे दारू का नुसता ज्यूस, आणि तो कशाचं प्रतीक आहे. मी अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातली, हा शब्द लहानपणापासून प्रार्थनेत कानावर पडलाय म्हणून लिहितेय.

तिरोश म्हणजे द्राक्षं तुडवून कुंडात उतरलेला नवा रस. नेहमीच्या वाईनला 'यायिन' म्हणतात. बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकात दोन्ही शब्द एकाच ओळीत आलेत, तिरोश तुडवशील पण यायिन प्यायला मिळणार नाही, त्यावरून फरक लगेच कळतो. पण म्हणून तिरोश कधी चढतच नाही असं जे काहीजण ठासून सांगतात ते मला पटत नाही, होशेय संदेष्ट्याने स्पष्ट म्हटलंय की यायिन आणि तिरोश दोन्ही माणसाची अक्कल घालवतात, आणि इस्राएलकडच्या उन्हाळ्यात रस फसफसायला असा किती वेळ लागणार! तालमुद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथातही तिरोश शब्दावर शब्दखेळ आहे, नीट वागलास तर 'रोश' म्हणजे डोकं, मुख्य होशील, नाहीतर 'राश' म्हणजे कंगाल.

पण माझ्या मते तिरोश हा मुळात पिण्याचा नाही, पिकाचा शब्द आहे. दागान, तिरोश, यित्सहार, म्हणजे धान्य, द्राक्षरस आणि तेल, हे तिन्ही बायबलमध्ये सारखे एकत्र येतात. शेमा या आमच्या रोजच्या प्रार्थनेच्या दुसऱ्या भागात देव सांगतो की पहिला आणि शेवटचा पाऊस वेळेवर पाडीन, मग तू तुझं धान्य, तिरोश आणि तेल घरात आणशील. पावसाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याची भाषा आहे ही, म्हणून तिरोश म्हणजे भरलेलं घर, देवाची कृपा. आमचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे, शनिवार आमचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, त्यामुळे त्या यादीतलं तेल मला कायम आपलंच वाटत आलंय.

आता वाईन गावात कुठून मिळणार, म्हणून शुक्रवारी सकाळी आजी काळे मनुके धुवून पाण्यात घालायची, ते टम्म फुगले की हातानेच कुस्करायची आणि पांढऱ्या फडक्यातून गाळायची, फडकं पार तपकिरी होऊन जायचं. संध्याकाळी किद्दुशला, म्हणजे शब्बाथ सुरू होताना वाईनच्या कपावर म्हणायच्या आशीर्वादाला, कपात तेच सरबत. आणि ते चालतंच, त्या आशीर्वादातही वाईन हा शब्द नाही, 'द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणारा' एवढंच आहे.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात एक ओळ आहे, घोसात तिरोश दिसला की लोक म्हणतात याचा नाश करू नका, यात आशीर्वाद आहे. आजी मनुक्यांचा चोथासुद्धा लगेच टाकायची नाही, वर थोडं पाणी घालून परत एकदा पिळायची.