समाचाराला जाणं आणि समाचार घेणं

प्रश्न : मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. हातातल्या कादंबरीत 'व्हिजिटेशन' हा शब्द तीन जागी आलाय. घटस्फोटित वडील मुलीला भेटतात तिथे, एका मृत्यूच्या सूचनेत आणि भिंतीवरच्या जुन्या चित्राच्या नावात. सगळीकडे 'भेट' चालेल का?
— एक वाचक

उत्तर : एका जागी चालेल, दोन जागी नाही.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'पाहणं' आहे. कुणीतरी मुद्दाम उठून दुसऱ्याला पाहायला जातं. मराठीत याच्या सगळ्यात जवळचा शब्द 'समाचार'. आजाऱ्याच्या समाचाराला आपण मायेनं जातो, आणि एखाद्याचा समाचार घ्यायचा ठरवलं की त्याची धडगत नसते. इंग्रजी शब्दातही या दोन्ही छटा आहेत. बिशप आपल्या चर्चची तपासणी करायला येतो, तेही व्हिजिटेशनच. १६६५ साली लंडनमध्ये प्लेग पसरला तेव्हा लोक त्या साथीलाच हा शब्द वापरत. रोगी सापडला की घर माणसांसकट बंद व्हायचं, दारावर लाल क्रूस आणि 'प्रभो, आमच्यावर दया कर' अशी अक्षरं. तसा उतारा कधी वाट्याला आला तर 'दैवी कोप' लिहा.

आता चित्र. 'भेट' चालेल ती इथेच. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात नुकतीच गर्भवती झालेली येशूची आई मरीया डोंगराळ मुलखातून लगबगीनं अलीशिबेकडे जाते. अलीशिबा नात्यातली, वयानं बरीच मोठी, सहावा महिना लागलेली. मरीयेचा आवाज कानी पडताच तिच्या पोटातलं बाळ उसळी घेतं. मरीया मग जवळजवळ तीन महिने तिथेच राहते. चित्रांच्या नावात 'व्हिजिटेशन' म्हणतात तो हा प्रसंग. तो कितीतरी चित्रकारांनी रंगवलाय, पण मला सर्वांत प्रिय आहे तो पोंतोर्मोचा. फ्लॉरेन्सजवळच्या कार्मिन्यानो गावातल्या चर्चसाठी त्यानं तो १५२८च्या सुमारास रंगवला. दोघींनी एकमेकींना धरलंय, पोटं जवळजवळ टेकलीत, नजरेला नजर भिडलीय. मागे आणखी दोघी उभ्या आहेत, आणि त्या थेट आपल्याकडे बघतात. कितीही वेळ पाहिलं तरी आपणच अवचित तिथे येऊन ठेपल्यासारखं वाटतं. इथे कुणी कुणाची तपासणी करत नाही, कुणी वरचढ नाही. म्हणून 'मरीया-अलीशिबा भेट' असं खुशाल लिहा.

वडिलांच्या प्रसंगात मात्र नुसतं 'भेट' लिहिलंत तर ती आपखुशीची वाटेल. ही भेट न्यायालयाच्या आदेशानं ठरते. वार आणि वेळ लिहून दिलेली, कधी तिसरी व्यक्ती खोलीत बसलेली. 'भेटीचा हक्क' लिहा, म्हणजे बापाला लेक मोजून-मापून मिळते हे वाचकाला जाणवेल. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आता व्हिजिटेशनऐवजी 'पालकत्वाचा वेळ' अशा अर्थाची संज्ञा वापरतात. मला ते मनापासून पटतं. बाप मुलीच्या आयुष्यात पाहुणा नसतो. पण तुमच्या लेखकानं जुना शब्द वापरला असेल, तर त्यातला परकेपणा अनुवादात पुसून टाकू नका.

राहिली मृत्यूची सूचना. 'अंत्यदर्शन' पटकन सुचेल, पण अमेरिकेत दफनाआधीच्या या वेळेत लोक मुख्यतः घरच्यांना धीर द्यायला येतात. शवपेटी कधी उघडी असते, कधी बंद. उघडी असेल तर 'अंत्यदर्शन व सांत्वन', बंद असेल तर नुसतं 'सांत्वनासाठी भेट'. मागच्यापुढच्या पानांत पेटीचा उल्लेख आहे का, तेवढं तपासून घ्या.