गोळीची सवय लागेल, मग खर्ऱ्याचं काय?

प्रश्न : माझे मिस्टर ४६ वर्षांचे. गांधीबागेत कापडाच्या दुकानात हिशेब लिहितात. दिवाळीपासून झोप नाही, जेवणावर मन नाही, घरात कोणाशी बोलत नाहीत. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून एसिटालोप्रामची गोळी सुरू केली. नऊ दिवस घेतली आणि सोडली. म्हणतात, "मळमळते, फरक काहीच नाही. डोक्याच्या गोळ्यांची एकदा सवय लागली की सुटत नाही. काहून मागे लागली तू?" तंबाखू-सुपारी घोटलेला खर्रा मात्र दिवसाला आठ-दहा वेळा. त्यानं डोकं शांत राहतं म्हणतात. या गोळ्या मेंदूत नेमकं करतात तरी काय?
— एक भगिनी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, नागपुरात मी ३१ वर्षं औषधशास्त्र शिकवलं. पहिल्या प्रात्यक्षिकाला मुलांसमोर बेडकाचं हृदय असायचं, आणि धूर दिलेल्या काळ्या कागदावर सुई त्याचे ठोके कोरत जायची. ॲसिटिलकोलिन या रसायनाचा एक थेंब पडला की ठोके मंदावायचे आणि वर्गात एकदम शांतता व्हायची. नसेचा निरोप असं रसायन नेतं, हे दिसलं तेही बेडकाच्याच हृदयात. १९२१ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोवी यांनी एका हृदयाची नस चेतवून ते मंद केलं, त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, आणि कोणी हात न लावता तेही मंदावलं. म्हणजे नसेचा निरोप पाण्यात उतरला होता. १९३६ मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळालं.

तुमच्या मिस्टरांच्या डोक्यातही हेच चालू आहे. मेंदूतल्या दोन पेशी बहुतेक ठिकाणी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडच्या पेशीवरच्या ठरलेल्या जागी ते बसतं आणि निरोप पोचतो. मग ते लगेच आवरावं लागतं, नाहीतर पुढचा निरोप कळणार कसा? सेरोटोनिन हे असंच एक रसायन, ते सोडणारी पेशी ते स्वतःच परत ओढून घेते. ॲसिटिलकोलिनला एक एन्झाइम जागीच तोडून टाकतं. हे आवरणं थांबलं तर काय होतं, ते विदर्भाला वेगळं सांगायला नको. फवारणीची विषबाधा झालेला शेतकरी घामानं भिजलेला, तोंडातून लाळ, बाहुल्या टाचणीएवढ्या. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक नेमकं त्या एन्झाइमलाच निकामी करतं. २०१७ चं यवतमाळ आठवलं की आजही मला नीट बोलवत नाही.

आता गोळी. एसिटालोप्राम मेंदूत नवं काही ओतत नाही. सेरोटोनिन परत ओढणारा पंप ते अडवतं, त्यामुळे ते फटीत जास्त वेळ राहतं. हा पंप काही तासांतच अडतो, पण मनाला उतार पडायला दोन ते सहा आठवडे लागतात. कारण सेरोटोनिन वाढलेलं दिसताच पेशी सुरुवातीला ते सोडणंच कमी करते. तिचा हा आखडता हात सैल व्हायला आणि पुढची घडी बसायला वेळ जातो. नऊ दिवसांत फरक दिसला नाही, यात गोळीचा दोष नाही. आणि मळमळ? शरीरातलं सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असतं, ते आधी कुरकुरतं. जेवणानंतर गोळी घेतली तर बहुतेकांची मळमळ आठ-पंधरा दिवसांत जाते. डिप्रेशन म्हणजे सेरोटोनिन कमी पडलं, असं सरळ गणित मात्र कोणी सांगितलं तरी मानू नका. ते सिद्ध झालेलं नाही. गोळीचा अनेकांना उपयोग होतो, हे मात्र चाचण्यांत दिसलं आहे.

सवयीचं विचाराल, तर या गोळीची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. बरेच दिवस घेऊन एकदम थांबवली तर चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. म्हणून डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

तलफ लावणारं औषध त्यांच्या खिशातल्या पन्नीत आहे. खर्ऱ्याच्या तंबाखूतलं निकोटिन ॲसिटिलकोलिनच्याच जागेवर जाऊन बसतं, पण ते एन्झाइम त्याला तोडू शकत नाही. जागा बधिर होतात, मग मेंदू अशा जागा वाढवत जातो. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, म्हणजे रात्रभरात जवळजवळ संपतं. सकाळी त्या वाढलेल्या जागा रिकाम्या होतात, जीव चिडचिडा होतो, आणि पहिल्या खर्ऱ्यानं "डोकं शांत" होतं. ती अशांतता आदल्या दिवशीच्या खर्ऱ्यानंच आणलेली असते. शिवाय निकोटिन डोपामिन या आणखी एका निरोप्या रसायनाच्या पेशींना चेतवतं, आणि डोपामिन मेंदूला बजावतं, 'हे पुन्हा कर.' त्यांची इच्छाशक्ती कमी आहे असं कृपा करून म्हणू नका, ताई. दिवसातून दहा वेळा हा धडा गिरवला जातो आहे.

घोटताना चुना घालतात, तोही चवीपुरता नसतो. चुन्यानं तोंडातली आम्लता मोडते आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झरझर रक्तात शिरतं. सुपारीतलं ॲरिकोलिनही ॲसिटिलकोलिनच्याच जागांवर काम करतं. सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सर करते, हे आता पक्कं ठरलेलं आहे.

गोळी पुन्हा सुरू करण्याआधी त्याच डॉक्टरांना भेटा. नऊ दिवसांचं आणि मळमळीचं सांगा, आणि खर्ऱ्याचंही सांगा. बरेच पेशंट ते लपवतात. पहिल्या आठवड्यांत बेचैनी वाढली किंवा ते जिवाचं काही बोलले, तर त्याच दिवशी गाठा. रात्री-अपरात्री टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर लागतो. खर्रा सोडायला निकोटिनचं च्युइंगम मिळतं, तेही डॉक्टरांना विचारून. थोडं चावून गालात दाबून ठेवायचं, आणि आधी पंधरा मिनिटं चहा किंवा लिंबूपाणी नको. आम्लता आली की निकोटिन शोषलं जात नाही, म्हणजे चुन्याच्या बरोबर उलट.

आज ते घरी आले की त्यांना तोंड उघडायला सांगा. सुपारीनं तोंड आखडू लागलंय का, ते बघायचं आहे. त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का, बघा. जात नसतील किंवा तिखटानं तोंड भाजत असेल, तर मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात या आठवड्यातच दाखवून या.